घेण्याची सवय नसलेल्या हातांसाठी

एका ७१ वर्षांच्या वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे, त्यातला मुख्य भाग असा:

"तीन वर्षांपूर्वी यजमान गेले. मुलगा आणि सून जवळ आहेत, दोघेही माझे मनापासून करतात, पैशाची विवंचना नाही. गुडघ्यांमुळे मला खाली वाकता येत नाही, म्हणून पायाची नखे मुलगा कापून देतो. त्याने नेलकटर हातात घेतले की मला मेल्याहून मेल्यासारखे होते. दर वेळी मी त्याला म्हणते, 'माझ्यामुळे तुला उगाच त्रास.' लहानपणापासून मी रोज प्रार्थना करत आले आहे. आता प्रार्थनेला बसले की शब्द तोंडातून जातात, आत मात्र काही हलत नाही. सामूहिक प्रार्थनेला जाणे मी वर्षभरापूर्वी सोडले. तिथे मन लागेनासे झाले, आणि आजकाल लोक बोलतातही पुटपुटल्यासारखे. मैत्रिणी म्हणतात, 'तुझ्याकडे सगळे आहे, देवाचे आभार मान. ज्यांना कुणी नाही त्यांच्याकडे बघ.' मी बघते आणि मला आणखी अपराधी वाटते. कधी कधी तर देवाचा रागही येतो. कृतज्ञ राहून, श्रद्धा ठेवून म्हातारे होणे मला जमत नाही असे दिसते. मग इतकी वर्षे केलेली माझी भक्ती दिखाऊच होती का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न उशाशी घेऊन तुम्ही बऱ्याच रात्री काढल्या असाव्यात. तुमची भक्ती दिखाऊ असती, तर तुम्हाला राग आला नसता. ज्याच्याशी नातेच नाही त्याच्यावर माणूस रुसत नाही. फार तर त्याला विसरून जातो. आपल्या संतांनी देवाशी किती भांडावे याला काही मर्यादा नव्हती. नामदेवांनी विठ्ठलाकडे हट्ट धरला, जनाबाईंनी त्याला चक्क शिव्या घातल्या आणि दुष्काळात पत्नी आणि मूल गमावलेल्या तुकारामांनी त्याला जाब विचारायला कमी केले नाही. त्यांना कुणी अश्रद्ध म्हणत नाही. तुम्ही मात्र तुमच्या रागाला आडून आडून वागवता, प्रार्थनेच्या वेळी त्याला दाराबाहेर बसवता आणि मग आत काही हलत नाही म्हणून खंत करता. जे खरोखर मनात आहे ते बाहेर ठेवून केलेली प्रार्थना कोरडी होणारच. यजमान गेले याचा राग आला असेल, तर तो त्याच शब्दांत प्रार्थनेत बोला. पाठ असलेले शब्द काही दिवस बाजूला राहिले तरी बिघडणार नाही.

एक गोष्ट मात्र जपा. केनेथ पार्गामेंट हे श्रद्धा आणि मानसिक आरोग्य यांचा अभ्यास करणारे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ. रुग्णालयात दाखल झालेल्या वयस्कर रुग्णांचा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षे पाठपुरावा केला आणि २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. देवाने आपल्याला टाकले आहे किंवा तो आपल्यावर प्रेम करत नाही असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात त्या काळात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही; तेव्हा घाबरून जाऊ नका. पण देवाशी भांडणे आणि देवाने टाकले असे मनात धरून एकटे कुढत बसणे यांत अंतर आहे, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. भांडण बोलून दाखवता येते. कुढणे माणूस लपवतो, आणि तुम्ही आजपर्यंत ते लपवले होते. हे पत्र लिहून तुम्ही निम्मे काम केलेच आहे. उरलेल्या निम्म्यासाठी तुमच्या ओळखीतली एखादी अशी व्यक्ती शोधा, जी ऐकून घेईल आणि लगेच उपदेश करणार नाही. अशी माणसे थोडी असतात, हे मान्य.

आता मैत्रिणींच्या सल्ल्याविषयी. त्यांचा हेतू चांगला आहे, सल्ला मात्र मला मुळीच पटत नाही. दुसऱ्याचे उणे पाहून स्वतःच्या पदरातले मोजणे याला फार तर हिशेब म्हणता येईल. त्या हिशेबात ज्याला खरोखर कुणी नाही, तो माणूस तुमच्या समाधानासाठी वापरला जातो. शिवाय हा हिशेब उलटायला वेळ लागत नाही, कारण ज्यांचे यजमान अजून हयात आहेत अशाही बायका तुमच्या डोळ्यांसमोर असतातच. तुम्हाला अपराधी वाटते, ते तुमचे मन कठोर झाले म्हणून वाटत नाही. उलट या युक्तीतला खोटेपणा त्याला कळतो आहे. दुःख आहे तोवर आभार मानता येत नाहीत, किंवा आभार मानले की दुःख करण्याचा हक्क जातो, अशी कुठलीही अट नाही. एकाच दिवशी सकाळी तुम्ही यजमानांसाठी रडाल आणि दुपारी सुनेच्या एखाद्या बोलण्यावर मनापासून हसाल, आणि ती दोन्ही खरी असतील.

तुमच्या पत्रातली खरी गोष्ट मला वेगळ्याच ठिकाणी सापडली: नखांच्या त्या प्रसंगात. कृतज्ञता आणि श्रद्धा यांविषयी तुम्ही दोन पाने लिहिली आहेत, पण दोन्हींची परीक्षा तुमच्या घरात त्या दहा मिनिटांत होते.

तो प्रसंग मुलाच्या बाजूने पाहा. तो जमिनीवर बसतो, तुमचे पाऊल मांडीवर घेतो, चष्मा नीट करतो, अंगठ्याच्या कडेचे जाड झालेले नख सांभाळून कापतो. हे काम तो स्वतःहून करतो. नाइलाज म्हणून करत असता, तर तुमच्या पत्राचा सूर वेगळा असता. काम संपते आणि त्याच्या कानावर पडते, 'तुला उगाच त्रास.' त्याने प्रेमाने केलेल्या गोष्टीला तुम्ही त्रास हे नाव देता. मग त्याला 'नाही गं आई, त्रास कसला' असे म्हणावे लागते, म्हणजे ज्याने दिले त्यानेच घेणाऱ्याची समजूतही काढायची. काही वर्षांनी तो काही न बोलता नेलकटर उचलून ठेवू लागेल. तेव्हा तुम्हाला वाटेल, की तो कंटाळला.

हे लिहिताना मी तुम्हाला दोष देत नाही. तुमची अख्खी पिढी देण्यावर पोसलेली आहे. घरातल्यांचे करणे, आल्यागेल्याचे करणे, आजारपणे काढणे, स्वतःसाठी कुणापुढे हात न पसरणे, हाच तुमचा स्वाभिमान होता आणि तो रास्तच होता. देणाऱ्याच्या हातात एक प्रकारची सुरक्षितता असते. घेणाऱ्याला मात्र आपली गरज उघडी करावी लागते, आणि तीही रोज, त्याच त्याच माणसांपुढे. म्हणून म्हातारपणी आभार मानणे तरुणपणापेक्षा कठीण जाते. तिशीत आपण ज्यांचे आभार मानतो त्यांच्याशिवाय आपले बहुधा चालले असते. सत्तरीत ज्यांचे आभार मानायचे, त्यांच्याशिवाय आपले चालणार नाही हे आपल्याला ठाऊक असते, आणि तेच घशात अडकते. थोडा कठोर शब्द वापरते, क्षमा करा: यात अहंकाराचाही अंश आहे. क्षमा मागितली की हिशेब तिथल्या तिथे मिटवल्यासारखा वाटतो. आभार मानले तर आपण कुणाचे तरी देणे लागतो हे कबूल करावे लागते.

आणि श्रद्धेचा प्रश्न मला याच जागी उभा दिसतो. तुम्ही साठ-पासष्ट वर्षे प्रार्थना करत आला आहात. धर्म कोणताही असो, प्रार्थनेतल्या शब्दांचा मथितार्थ थोड्याफार फरकाने असाच असतो, की माझे असे काही नाही, जे आहे ते मिळालेले आहे. अंगात बळ होते तोवर हे वाक्य म्हणायला सोपे होते. आता तुमचे गुडघे तेच वाक्य तुमच्याकडून वदवून घेत आहेत आणि तुम्ही अडून बसला आहात. देवाकडून घेणे तुम्हाला मान्य आहे, मुलाच्या हातून घेणे नाही. पण श्रद्धावंताच्या दृष्टीने ते दोन हात इतके वेगळे आहेत का? याचे उत्तर मी देत नाही. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वर्षे प्रार्थना केली आहे.

याचा अर्थ सगळे दुसऱ्यांवर सोपवून बसावे असा मुळीच नाही. जे हातून होते ते स्वतःच करावे, हट्टाने करावे. मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस वार्धक्याविषयी लिहिताना पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे उदाहरण देत असत. उतारवयात रुबिनस्टाइन यांनी वाजवण्याच्या रचना कमी केल्या, त्या थोड्यांचा सराव वाढवला आणि द्रुत भाग येण्याआधी लय मुद्दाम धीमी ठेवायला सुरुवात केली, म्हणजे पुढचा वेग आहे त्याहून जास्त भासे. काय सोडायचे आणि काय टिकवायचे हे त्यांनी स्वतः ठरवले. तुम्हीही तसे ठरवा. पायाची नखे सोडून द्यायच्या यादीत खुशाल घाला. वयानुसार ती जाड होतात, नजर तेवढी साथ देत नाही, आणि मधुमेह असेल तर पायाची संवेदना कमी झाल्याने लहानशी जखमही लक्षात न येता चिघळू शकते. हे काम नीट दिसणाऱ्या आणि वाकू शकणाऱ्या माणसाने करावे हेच शहाणपणाचे. त्याऐवजी जे तुम्हाला उत्तम येते, त्यातले एखादे काम घरात पूर्णपणे तुमच्याकडे ठेवा आणि त्यात कुणाला ढवळाढवळ करू देऊ नका.

कृतज्ञतेची सवय कशी लावावी, याविषयी बरेच संशोधन झाले आहे; त्यातले कामाचे तेवढे सांगते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही लोकांना ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा गोष्टी, तर काहींना त्रासदायक गोष्टी नियमाने लिहायला सांगितल्या होत्या. यांतला एक प्रयोग स्नायू आणि मज्जातंतूंच्या विकाराने आजारी असलेल्या माणसांवर झाला. तीन आठवडे रोज कृतज्ञतेची नोंद करणाऱ्यांना, अशी नोंद न करणाऱ्या रुग्णांच्या तुलनेत, आयुष्याविषयी अधिक समाधान वाटले आणि झोपही अधिक मिळाली. त्यांचे दुखणे बरे झाले नव्हते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नंतरच्या अभ्यासांत असे परिणाम बरेचदा माफकच निघाले आहेत, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. शिवाय रोज रोज लिहिण्याने या गोष्टीचा पाढा होतो. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिरस्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा एकदाच लिहिणाऱ्यांना अधिक लाभ झाला होता. म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि दोन-तीनच गोष्टी लिहा, पण त्या बारकाईने लिहा. 'मुलगा चांगला आहे' असे लिहिण्यात काही अर्थ नाही. 'नख कापताना दुखले का, असे त्याने दोनदा विचारले' असे लिहा. देवाचे आभार मानायचे असतील तर तेही इतक्याच तपशिलाने माना. 'सगळ्याबद्दल आभार' ही प्रार्थना वाईट नाही, पण ती म्हणताना मन कुठेही भटकू शकते.

आणि ज्यांचे आभार मानायचे राहून गेले आहेत अशी माणसे अजून असतील, तर त्यांना पत्र लिहा आणि जमल्यास ते समोर बसून वाचून दाखवा. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या एका कृतीने माणसांचे समाधान ठळकपणे वाढले होते. पुढे काही महिन्यांत तो परिणाम ओसरला, हेही त्यांनीच नोंदवले आहे. ओसरू दे. ज्याला ते पत्र मिळाले त्याच्याकडे ते उरतेच, आणि तुमच्या वयात अशा पत्राला उशीर करणे परवडणारे नाही.

आता थोडे जमिनीवरचे बोलू. सामूहिक प्रार्थनेत मन लागत नाही आणि लोक पुटपुटतात, या दोन गोष्टी तुम्ही एकाच वाक्यात लिहिल्या आहेत. श्रद्धेवर संशय घेण्याआधी मी कानांवर घेईन. वयानुसार ऐकू येण्याची क्षमता कमी होते तेव्हा बहुधा उच्च कंपनसंख्येचे आवाज आधी जातात. स, श, फ, थ अशी व्यंजने अस्पष्ट होतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. त्यामुळे कुणीतरी बोलते आहे हे कळते, पण काय बोलते आहे ते उमगत नाही, आणि दहा माणसे एका सुरात म्हणू लागली की सगळा गलबला होतो. माणसाला वाटते, लोकच स्पष्ट बोलत नाहीत. अशा गर्दीत अर्थ लावता लावता मेंदू थकतो आणि आपण त्याला मन न लागणे म्हणतो. श्रवणदोषाकडे दुर्लक्ष केल्याने होणारे नुकसान मोठे आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींत त्याची गणना केली आहे. तेव्हा या महिन्यात कानांची तपासणी करून घ्या. श्रवणयंत्र लागले तर ते पहिले काही आठवडे नकोसे वाटेल. तरी काढून डबीत ठेवू नका, मेंदूला त्याची सवय व्हायला वेळ लागतो. आणि त्यानंतर प्रार्थनेला पुन्हा जाऊन बघा, पुढच्या रांगेत बसा.

त्याच भेटीत, किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, दुसरीही गोष्ट बोला. कशातच रस न वाटणे, पहाटे फार लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, भूक मंदावणे, आपण ओझे आहोत असे सतत वाटणे, यांतली लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज टिकून असतील, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार होतात. थायरॉइडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही मन असे मलूल होते, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळते. 'वय झाले, चालायचेच' या वाक्यावर डॉक्टरांनाही सुटू देऊ नका. आणि जगणेच नको असे विचार मनात येत असतील, तर थांबू नका, त्याच दिवशी मुलाला सांगा. श्रद्धा कमी पडली म्हणून नैराश्य येत नाही, जशी ती कमी पडली म्हणून मोतीबिंदू होत नाही.

मैत्रिणींचे वर्तुळ लहान झाले याबद्दलही तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे. त्याची फार चिंता करू नका. वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनाचे सार असे, की पुढचा काळ मर्यादित आहे हे जाणवू लागले की माणूस आपोआप थोडी पण जिवाभावाची नाती निवडतो, आणि एकंदरीत वयस्कर माणसांचे भावजीवन तरुणांपेक्षा स्थिर असते. ज्यांच्या सहवासात बरे वाटते अशी तीन माणसे असली तरी पुष्कळ. फक्त न ऐकू आल्यामुळे सुटलेल्या मैत्रिणी त्यात धरू नका. त्या परत मिळवायच्या आहेत.

शेवटी, यजमानांच्या आठवणी सारख्या उगाळत बसते म्हणून तुम्ही स्वतःलाच रागावला आहात, त्याबद्दल. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली असे मांडले, की उतारवयात माणूस जुन्या आठवणींकडे वळतो तो भरकटलेला नसतो. आयुष्याचा आढावा घेणे ही त्या वयाची स्वाभाविक गरज असते, आणि राहून गेलेले प्रश्न त्यातूनच मिटू शकतात. तोवर अशा आठवणींकडे बुद्धी मंदावल्याची खूण म्हणूनच पाहिले जाई. तेव्हा आठवणी थोपवू नका, त्यांना थोडे वळण द्या. एक वही घ्या आणि यजमानांविषयी लिहा, पण त्यांचा फोटो पुसून ठेवावा तसे लिहू नका. तुमची भांडणे लिहा, त्यांचा राग, तुमचा अबोला, त्यांच्या आजारपणातले न संपणारे दिवस आणि तेव्हा तुम्ही देवाला काय काय बोललात तेही लिहा. मग एक वेगळे पान राखून ठेवा, ज्यावर तुम्ही आयुष्यभरात कुणाकुणाकडून काय घेतले तेवढेच असेल: कुणी शिकवले, कुणी पैसे दिले, कुणी मुलाला सांभाळले, कुणी न सांगता तुमची चूक झाकली. इतकी वर्षे आपण फक्त देत होतो अशी तुमची समजूत आहे. ते पान भरू लागले की तिचे काय होते ते मला कळवा. वही कुणाला दाखवायची की नाही, हे लिहून झाल्यावर ठरवा.